पहिल्या धारेचं तेल

डोंगरखडकी, मंडल बेला, जिल्हा आदिलाबाद
२८ ऑगस्ट

दीपमाला,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता नागोराव मास्तरांकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे, तुझा बाप. आता फोडलंच आहेस तर एवढं पान तरी वाच.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या आईचा उचलतेस, हे मला माहीत आहे. ती गोठ्यात जाऊन बोलते आणि परत येऊन म्हणते, राँग नंबर होता. अर्धा तास राँग नंबर. मी काही म्हणत नाही. सात वर्षं काही म्हटलं नाही.

कामाचं विचारायचं आहे. तू तिकडे समुद्राकाठच्या रिफायनरीत तेल तपासायचं काम करतेस असं तुझी आई, बयनाबाई, सांगते. जमिनीतून निघालेलं काळं तेल शिजवून त्यातून पेट्रोल, घासलेट, डिझेल वेगवेगळं कसं काढतात ते मला लिहून पाठव. सोपं करून लिही. मी सातवी नापास आहे. आणि हे खास लिही, की शिजवताना सगळ्यात आधी जे पाण्यासारखं पातळ, पांढरं तेल येतं, ते घासलेटच असतं ना? घासलेटच असणार. दुसरं काय असेल? माहिती असावी म्हणून विचारतो, दुसरं काही नाही.

रस्त्याकडचं आपलं शेत मी दोन वर्षांपूर्वी भाड्याने दिलं. आईने सांगितलं असेलच, तिच्या पद्धतीने. हर्षदीपशेठ नावाचा माणूस आहे, लांबचा, हिंदी बोलतो. त्याने तिथे टायरची भट्टी घातली. ट्रक भरभरून जुने टायर येतात. आपल्या स्वयंपाकघराएवढी लोखंडी टाकी आहे, तिच्यात टायर कोंबतात, तोंड घट्ट बंद करतात आणि खालून लाकडं पेटवतात. टाकी स्वतःभोवती फिरत राहते. आत हवा नाही, म्हणून टायर जळत नाही, नुसता विरघळतो. त्याची वाफ नळीने पाण्याच्या हौदातून जाते आणि पलीकडे काळं तेल होऊन गळते. यंदा शेठने एक लहान भट्टी वाढवली. त्या काळ्या तेलाला तिच्यात पुन्हा शिजवतात. आधी पांढरं येतं, मग पिवळं, मग तपकिरी, आणि बुडाशी डांबर राहतं. पिवळं-तपकिरी डिझेल म्हणून कुठे तरी जातं. मी तिथे खुर्चीवर बसतो. वॉचमन म्हण.

त्या जागेची मला इतकी किळस आली आहे की सांगता सोय नाही. तुझी आई अंगणात वाळवण घालत नाही, काजळी बसते. गाय त्या बाजूचं गवत हुंगते आणि सोडून देते. थुंकलो की काळं पडतं. भाकरीला रबराचा वास यायला लागला तेव्हा मी बयनाबाईवर ओरडलो. मग कळलं, वास भाकरीला नव्हता, माझ्या बोटांना होता.

उद्धवराव गेला. पोळ्याच्या आधी, झडी लागली होती तेव्हा. माझा लंगोटीयार उद्धव. तुला खांद्यावर बसवून बेल्याच्या बाजारात नेणारा. अग्नी देताना त्याच्या करणला थोडं भाजलं. आता ठीक आहे.

घासलेटचं लवकर लिही.

चंपतराव

---

११ सप्टेंबर

दीपमाला,

तुझं पत्र नाही. पोस्टमन येतो तेव्हा मी दारात उभा राहतो, म्हणून तो आता आपल्या गल्लीतून सायकल जोरात काढतो.

करणला थोडं भाजलं असं मी लिहिलं होतं. थोडं नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत, हनुवटी, एक कान. अठरा दिवस आदिलाबादच्या दवाखान्यात होता. आता घरी आणला आहे. हात पांढऱ्या पट्ट्यांत पुढे धरून बसतो, कोणाला काही द्यायला निघाल्यासारखा.

त्या दिवशी वारा होता. मी सगळ्यांना तेच सांगितलं. वाऱ्याने भडका उडाला.

पण गावाला वारा पटत नाही. गावाने आपलं दुसरंच ठरवलं आहे. पानठेल्यावर काय चालतं ते तुला जसंच्या तसं लिहितो, म्हणजे मला एकट्याला ऐकायला नको.

“सरणावर घासलेट त आपुन पह्यले पावसात दरवेळी टाकत होतो. कधी असं झालं काय?”

“घासलेट कायचं! म्हाताऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी नाई पडलं. सून मोबाइलमंदी होती म्हंते.”

“उद्धवराव जित्तेपणी कोणाले बोलले नाई. मेल्यावर बोलले.”

“पन मंग सुनेले धराचं ना. पोराले काऊन धरलं?”

“पोरगा जवळ होता.”

आणि यावर लोक हसले. बिडी ओढत हसले. मी तिथून उठून घरी आलो. बीपीची गोळी घ्यायची होती, म्हणून.

करणची बायको सुवर्णा. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर लग्न झालं. मुधोळची आहे. उद्धव तीन महिने अंथरुणावर होता. त्याचं सगळं तिने काढलं, हाताने काढलं, नाकाला पदर न लावता. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, मी पाहिलं आहे. तो गेला तेव्हा मी पायथ्याशी होतो. तिने चमच्याने दोनदा पाणी घातलं. दुसरा चमचा ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला, तो तिने बोटाने पुसला.

करण दवाखान्यात असतानाच सासरच्यांनी तिला माहेरी पाठवून दिलं. मी बसथांब्यावर होतो. ती पिशवी घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, “काका, तुमी त तिथंच होते. मी पाणी पाजलं ते तुमी पाह्यलं ना? सांगा ना यायले.”

मी म्हणालो, “सांगतो, सांगतो. पाऊस येऊन राह्यला बाई, बस बसमंदी.”

पाऊस येत नव्हता.

उद्धवचा धाकटा भाऊ सुरेंद्र आता त्या घरात कर्ता झाला आहे. त्याने २८ तारखेला, रविवारी, मारुतीच्या पारावर चार माणसं बोलावली आहेत. सोडचिठ्ठीचा कागद करायचा आहे. करण हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी त्याला भेटायला गेलो तर म्हणाला, “काका, पेटाच्या आंधी लाकडातून आवाज आला. हूंऽ असा. बाबा होते.”

मी म्हणालो, “वारा होता बेटा.”

“वारा नव्हता काका. एक पान हालत नव्हतं.”

दीपमाला, मी विचारलं होतं ते लिही. एक ओळ लिही. पांढरं पातळ तेल घासलेट असतं की नाही.

चंपतराव

---

२० सप्टेंबर

दीपमाला,

तुझं पत्र काल मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये दीड पान माहिती. चालेल. मी ते गोठ्यात जाऊन वाचलं. आता गोठा आम्हा दोघांनाही लागतो.

मला समजलं ते असं. बरोबर आहे का बघ. काळं तेल साडेतीनशे अंशांच्या वर तापवून उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी सोडतात. मनोरा खाली तापलेला, वर थंड. वाफ वर चढत जाते. जड तेलं लवकर थंडावतात आणि खालच्या ताटांवरच परत पातळ होऊन बसतात. हलकी वर जात राहतात. बुडाशी डांबर, त्यावर डिझेल, त्यावर घासलेट, त्याच्याही वर पेट्रोल, आणि शेंड्याला गॅस. म्हणजे जे सगळ्यात सहज उडतं ते सगळ्यात वर. भट्टीतही जे सगळ्यात आधी येतं ते तेच.

आणि तुझं काम तू लिहिलंस. पितळेच्या वाटीत घासलेट घ्यायचं, वाटी झाकून हळूहळू तापवायची, आणि थोड्या थोड्या वेळाने झाकणाच्या भोकातून बारीक ज्योत आत दाखवायची. ज्या अंशाला निळी झळक उठते तो अंश वहीत मांडायचा. पस्तिसाच्या आत झळकलं तर ते घासलेट म्हणून गेटबाहेर जात नाही, हे तू अधोरेखित केलं आहेस. आणि पहिल्या धारेचं तेल बर्फात ठेवलं तरी झळकतं. त्याची वाफ दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, उडून जात नाही, खाली फटींत साचून राहते आणि ठिणगीची वाट बघते.

शेवटी तू एकच प्रश्न विचारलास. “हे तेल तुम्ही कुठे वापरलं?”

सरणावर.

आता सगळं लिहितो. उद्धव गेला तेव्हा चार दिवसांची झड होती. बाभळीची लाकडं ओली, घरोघरची कपाशीची पऱ्हाटीही ओली. रेशनचं घासलेट बंद होऊन किती वर्षं झाली, कोणाच्या घरी थेंब नाही. सुरेंद्र म्हणाला, “चंपतदादाच्या भट्टीवरून चार टायर आणा, टायरावर वल्लं लाकूडबी जळते.” बाकीचे हो म्हणाले. शहरात तसंच करतात म्हणे.

मी दोन वर्षं तो धूर गिळतो आहे. उद्धवच्या डोक्याखाली टायर ठेवून त्याला त्या धुरात जाळायचं, हे मला सहन होईना. मी म्हणालो, “टायर नाई. उद्धवले टायरावर नाई जळू देनार. थांबा, मी घासलेट आनतो.” आणि भट्टीवर जाऊन पहिल्या धारेच्या पिंपातून पाच लिटरचा कॅन भरला. भट्टीवरचे लोक मला म्हणालेही होते, “चाचा, पहली धार को हाथ मत लगाना।” मला वाटायचं, महाग असेल म्हणून सांगतात. दिसायला इतकं स्वच्छ. दोन वर्षांत त्या जागेतून स्वच्छ अशी ती एकच गोष्ट निघालेली मी पाहिली होती. पूर्वी रेशनचं निळं घासलेट यायचं आणि बाजारात पांढरं मिळायचं, ते भारी मानायचे. मला वाटलं, हे तसलंच भारी.

मसणात कोणी तरी विचारलं, “कुठून आनलं?” चोरून आणलं म्हणायला लाज वाटली. मी म्हणालो, “रेशनचं जुनं होतं, जपून ठेवलं होतं.” म्हणून सगळे घासलेटच समजून आहेत. म्हणून त्यांना भुताशिवाय दुसरं सापडत नाही.

मीच ओतलं. डोक्यापासून पायापर्यंत, फटीफटींत, चांगलं मुरावं म्हणून. मग करणने मडकं खांद्यावर घेतलं. तीन फेरे, फेऱ्याफेऱ्याला मडक्याला टोचा, पाण्याची धार, मग मडकं फोडणं. नातलगांनी एकेक लाकूड ठेवलं. सुरेंद्रला गुडघ्याचा त्रास, त्याने वेळ घेतला. घासलेट असतं तर तेवढ्या वेळात लाकडात मुरलं असतं. हे मुरत नव्हतं. ते खाली साचून बसलं होतं, तू लिहिलंस तसं. करण खाली वाकला. काडी सरणाला लागलीच नव्हती, वीतभर लांब होती.

तो ‘हूं’ मीही ऐकला.

किळस कशाची येते सांगतो. मी टायर नको म्हणालो आणि टायरच आणला. धुऊनपुसून, पांढरा करून. आणि भडक्याच्या दुसऱ्या क्षणी, करण ओरडत असताना, माझ्या मनात काय आलं असेल? मी कॅन कुठे लपवावा, हे आलं. नाल्यात फेकला.

तुझ्या बाबतीतही मी तेच केलं. सात वर्षांपूर्वी तुझ्या रिफायनरीच्या गेटवर, तुझ्या साहेबांसमोर मी तुला थोबाडीत मारली, चल घरी, लग्न ठरलंय म्हणून. आणि घरी येऊन आईला सांगितलं, पोरगी उलटून बोलली, साहेबासमोर माझा अपमान केला, आता ती आपली नाही. तू एक शब्द बोलली नव्हतीस. आईने माझं खरं मानलं होतं, दोन वर्षं. मग तुझ्याकडूनच कधी तरी तिला कळलं असेल. त्या दिवसापासून ती मला ताटात वाढते, पण समोर बसत नाही.

२८ ला पारावर बैठक आहे. मला झोप नाही. खरं सांगितलं तर करणचे हात माझ्या नावावर. पोलीस, चोरी, शेठ. सत्तर वर्षांचा मी. न सांगितलं तर सुवर्णा गेली. ती गेली तर तिचं पुढे काय, सासऱ्याच्या भुताने काढलेली बाई म्हणून तिला कोण दारात उभं करेल?

एक विचारतो. दोन ताटल्या घेतल्या, एकीत ट्रॅक्टरचं डिझेल आणि एकीत हे, आणि लांब काठीला पेटता बोळा बांधून दाखवलं, तर लोकांना पटेल का?

चंपतराव

---

२९ सप्टेंबर

दीपमाला,

तू आईच्या फोनवर निरोप दिलास, “त्यांना म्हणावं प्रयोग करू नका, हात जाळून घ्याल, नुसतं तोंडाने सांगा.” आईने मला तो निरोप पाच वर्षांत पहिल्यांदा समोर बसून सांगितला. पण नुसतं तोंडाने सांगितलेलं माझं आता मलाच पटत नाही, लोकांना काय पटेल.

प्रयोग केला. डोंगर कोसळला नाही. भुवई गेली एक.

पारावर वीसेक माणसं होती. बाया मागे ओट्यावर. करणला खुर्चीवर आणून बसवला होता. कागद सुरेंद्रच्या वरच्या खिशात, अर्धा बाहेर. मी दोन ताटल्या मोकळ्या जागेत, एकमेकींपासून लांब ठेवल्या तेव्हा कोणी तरी म्हणालं, “काय चंपतराव, भजे तळता काय?” हशा पिकला.

सुरेंद्र म्हणाला, “दादा, घरच्या कामात मंधात काऊन येऊन राह्यले? बसा ना.”

“बसतो,” म्हणालो. “आंधी पाहा.”

चार हात बांबूच्या टोकाला चिंधी पेटवून आधी डिझेलच्या ताटलीजवळ नेली. जवळ, अगदी वर. काही नाही. कोणी तरी जांभई दिली. मग पहिल्या धारेच्या ताटलीकडे नेली. चिंधी ताटलीपासून हातभर लांब होती. हूंऽ. ज्वाला ताटलीतून उठली नाही, ताटलीच्या बाजूने, जमिनीवरून चालत आली. दोन पोरं पाराखाली उडी मारून पळाली.

त्या आवाजाला करण खुर्चीवरून उठला.

मी बोललो. बांबू हातात धरूनच बोललो. “हे मी उद्धवच्या सरनावर ओतलं. हे घासलेट नाई. रेशनचं मी खोटं बोललो. भट्टीतून चोरून आनलं होतं. भूत नाई, सुवर्णा नाई. तिनं दोन चमचे पाणी पाजलं, मी पायथ्याशी होतो. माझ्या हातानं करण जळला.”

मग ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, “तेल तुमचं असंन. पन पेटवलं कोनं?”

आणि दोघी-तिघींनी माना हलवल्या, दीपमाला. माझ्या डोळ्यांसमोर हलवल्या. माणसाला खरं हातात आणून दिलं तरी तो ते बाजूला ठेवतो आणि खोट्यासाठी पुन्हा हात पुढे करतो. मीही त्यांतलाच आहे, मला त्यांना बोलायचा अधिकार नाही, पण त्या माना मला रात्री स्वप्नात दिसल्या.

करण माझ्याजवळ आला. अगदी जवळ. पट्ट्यांना मलमाचा आणि खालच्या मांसाचा वास येत होता. म्हणाला, “म्हंजे तो आवाज तेलाचा होता.”

“होय बेटा.”

“बाबा नव्हते.”

“नाई.”

“मले वाटलं,” तो म्हणाला, “रागानं का होईना, पन बाबा बोलले.” मग, “काका, माझे हात धड असते त...” तो सुरेंद्रकडे वळला आणि म्हणाला, “कागद फाड.”

सुरेंद्रने कागद फाडला नाही. घडी घालून खिशात आत सरकवला. “राहू दे. कामी पडन,” म्हणाला.

आज नागोराव मास्तरांना घेऊन ठाण्यात गेलो. ते तेलुगू लिहितात-बोलतात. माझा जवाब लिहून दिला, दस्तखत केली. जमादाराने दोनदा विचारलं, कोणी दबाव टाकला का. मी म्हणालो, न टाकल्यामुळेच एवढे दिवस गेले. त्यावर मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तेलुगूत सांगितलं नाही.

हर्षदीपशेठ गेटवर भेटला. “चाचा, चोरी आपने की, आग आपने लगाई, और बदनाम मेरी भट्टी?” त्याच्या पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी म्हणालो, “मेरा खेत खाली करो।” तो हसला. करार पाच वर्षांचा आहे, मी न वाचता सही केली होती. भट्टी चालू आहे. आत्ता लिहितानाही दाराच्या फटीतून वास येतो आहे.

सुवर्णाला अजून कोणी काही कळवलं नाही. करण म्हणतो, फोनवर नाही, जाऊन सांगायचं. त्याला एकट्याला जाता येत नाही, बसचा दांडा धरता येत नाही. दुसरं कोणी तयार नाही. म्हणून मी जातो आहे.

चंपतराव

---

४ ऑक्टोबर

दीपमाला,

मुधोळला जाऊन आलो.

करण खिडकीकडे आणि मी बाजूला, असे बसलो. निर्मळला बस बदलली. भैंशाच्या स्टँडवर मी भजी घेतली. त्याला हाताने खाता येत नाही, भरवावं लागतं. मी घास पुढे केला तर म्हणाला, “हात धुतले काय काका?”

मी नळावर जाऊन धुतले. आलो, तर म्हणाला, “साबनानं?” पुन्हा गेलो, दुकानातून वडी घेतली, धुतले. मग त्याने खाल्लं, बाहेर बघत. दोन भजी खाऊन म्हणाला, बस.

सुवर्णाच्या माहेरी अंगणात तिचे वडील, भाऊ, शेजारची दोन माणसं बसली होती. रिक्षावाला आम्हाला सोडून तिथेच टेकला, त्याची त्यांच्याशी ओळख होती. सुवर्णा दारात आली. आधी तिने करणचे हात पाहिले. जखम झाल्यावर तिने ते पाहिलेच नव्हते, तिला दवाखान्यात येऊ दिलं नव्हतं. ती त्याला म्हणाली, “पट्टी कवा बदलली?”

“परवा.”

“परवा!” ती ओरडली. “अन् या धुळीतून बसनं आले? आत चला.” मग माझ्याकडे वळली. “तुमी काऊन आले?”

मी उभ्याने सगळं सांगितलं. कॅन, रेशनचं खोटं, बसथांब्यावर पाऊस नव्हता तेही. तिचा भाऊ उठून उभा राहिला होता, वडिलांनी त्याचा हात धरला. सांगून झाल्यावर सुवर्णाने एकच विचारलं.

“हे तुमी पारावर सांगितलं, तवा त्यायनं काय म्हटलं?”

मला खोटं बोलायचं होतं. तिला बरं वाटावं म्हणून. जीभ वळलीच होती. मग खरं सांगितलं. म्हातारी काय म्हणाली, माना कशा हलल्या, कागद खिशात कसा गेला.

तिने पदर खोचला. म्हणाली, “म्हंजे त्या गावात मी अजूनबी तीच हाओ.” मग करणकडे पाहून, “हात बरे होईस्तोवर तुमी इथं राहाचं. मंग आपुन निर्मळले खोली पाहू. मी त्या गावात पाय नाई ठेवत. तुमाले जाचं असन त आताच जा, हे काका आहेतच सोबतीले.”

करण म्हणाला, “मी कुठं जाऊन राह्यलो?” आणि आत गेला. जाताना दाराला हात लागू नये म्हणून तिने दाराची फळी धरून ठेवली.

आतून तिचं त्याला रागावणं बराच वेळ ऐकू येत होतं. तुमी काऊन नाई बोलले, एक शब्द काऊन नाई बोलले, तुमाले माईत होतं ना. मध्ये एकदा भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि रागावणं थांबलं. मग पट्टी फाडल्याचा आवाज. नवीन पट्टी बांधत होती.

मी अंगणात, चपलांजवळ बसलो होतो. उठून जावं तर परतीची बस दोन तासांनी. थोड्या वेळाने ती चहाचं ताट घेऊन बाहेर आली. वडिलांना दिला, भावाला दिला, शेजाऱ्यांना दिला, रिक्षावाल्याला दिला. ताटात एक कप उरला. तो तिने माझ्यासमोरून परत आत नेला.

बरोबर केलं तिने. तुझ्या आईला मी हे सांगितलं, तर तीही तेच म्हणाली.

चंपतराव